काट्यामागचा कारभार

मोटार चालवणाऱ्या मनुष्याचा आणि त्याच्या समोरील तबकड्यांचा संबंध बहुतांशी विश्वासाचा असतो; पेट्रोल किती उरले, वेग किती झाला, बॅटरीकडे वीज परतून येते आहे किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे ज्या काट्यांनी आणि ज्या चिमुकल्या दिव्यांनी द्यावयाची, त्यांना ती उत्तरे कोण पुरवतो याची चौकशी करण्याचे प्रयोजन सहसा कोणालाच पडत नाही. दर्शनी भागाशी व्यवहार करावा आणि मागच्या कारभाराविषयी निश्चिंत राहावे, ही प्रपंचाची रीतच आहे. परंतु गाडीने पन्नाशी ओलांडली म्हणजे ही निश्चिंती टिकत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असता काटा तळाशी निपचित पडून राहतो, किंवा टाकीत चार घोट उरले असता पूर्णतेची ग्वाही देतो, आणि मग मालकाला, त्याच्या वयाचा व कमरेचा मुलाहिजा न राखता, त्या तबकड्यांच्या मागे शिरणे भाग पडते.

माझी गाडी एम. जी. बी. जातीची, 1972 सालची. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी 1962 पासून 1980 पर्यंत या गाड्या तयार होत राहिल्या आणि त्यांची एकूण संख्या पाच लाखांच्या वर गेली. तेव्हा राजेरजवाड्यांच्या संग्रहात शोभावी अशी ही दुर्मिळ वस्तू मुळीच नव्हे. नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडच्या मध्य प्रांतात येऊन तेथेच रुजलेल्या, आणि सेवानिवृत्तीनंतर हातांना काही उद्योग असावा असे वाटणाऱ्या माझ्यासारख्या मराठी मनुष्याला ती परवडली, यावरूनच तिच्या कुळाचा साधेपणा ध्यानात यावा. तिचे सौंदर्य अनेकांनी वाखाणले आहे, आणि ते वाखाणण्याजोगे आहेही. परंतु मला तिच्याविषयी जी आस्था वाटते तिचा उगम तिच्या बाह्यांगात नसून, ज्या जागी प्रकाश पोचत नाही आणि हातही मोठ्या मिनतवारीने पोचतो, त्या जागेत आहे.

काम आरंभण्यापूर्वीचा पहिला शिरस्ता म्हणजे बॅटरीचा संबंध तोडणे. या गाडीच्या बॅटऱ्या दोन, प्रत्येकी सहा व्होल्टच्या, आणि त्या इंजिनाच्या सान्निध्यात नसून बैठकींच्या मागे, गालिच्याखालच्या झाकणाआड बसवलेल्या. त्यामुळे समोरच्या दुखण्याचा इलाज मागून सुरू करावा लागतो. त्यानंतर चालकाची बैठक शक्य तितकी मागे सारून, पाठ दाराच्या उंबऱ्यावर, पाय बैठकीच्या पाठीवर आणि मस्तक पेडलांच्या वर अशा, कोणत्याही योगशास्त्रात न वर्णिलेल्या आसनात शिरावयाचे. विजेरीच्या उजेडात प्रथम दृष्टीस पडतो तो तारांचा जुडगा, आणि त्याच्या दर्शनाने धीर खचतो. पण नजर सरावली म्हणजे कळून येते की या गुंत्यातही एक बंदोबस्त आहे. तपकिरी तार बॅटरीपासून थेट आलेली, पांढरी, किल्ली फिरवल्यावर जागी होणारी, हिरवी त्याच किल्लीच्या अंमलाखालची, परंतु फ्यूजमधून गेलेली, तांबडी दिव्यांची, आणि काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला मिळणारी. रंगांची ही वहिवाट बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या तारांची. आपल्याकडच्या अँबॅसडरचे मूळ ज्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीत होते, तीही याच वहिवाटीतली. त्यामुळे विद्यार्थिदशेत पुण्याच्या एका मोटार-वायरमनच्या दुकानात फावला वेळ घालवून जे काही पदरी पडले होते, ते सातासमुद्रापार जसेच्या तसे उपयोगी आले.

या कंपनीचा मूळपुरुष जोसेफ लुकास हा बर्मिंगहॅमच्या रस्त्यांतून हातगाडीवर रॉकेल विकत फिरणारा मनुष्य. रॉकेलावरून तो दिव्यांकडे वळला, दिव्यांवरून त्याचे वारस मोटारींच्या विजेकडे वळले, आणि पुढे इंग्लंडातल्या बहुसंख्य मोटारींची वीज या एकाच घराण्याच्या ताब्यात आली. एवढा प्रकाश वाटूनही इंग्रज वाहनचालकांनी त्याला थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ असा किताब बहाल केला आहे. किताब विनोदी खरा, पण न्याय्य नव्हे. कारण ज्या काळोखाची फिर्याद केली जाते त्यातील पुष्कळसा काळोख अर्धशतकाच्या गंजाचा, सैल झालेल्या अर्थिंगचा, आणि मधल्या काळात होऊन गेलेल्या मालकांच्या हौशी कारागिरीचा असतो.

या तारांच्या मागे, पत्र्याला एका स्क्रूने जखडलेली, अंगठ्याच्या पेराएवढी एक डबी असते. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. हिरवी तार तिच्यात शिरते आणि फिकट हिरवी तार तिच्यातून निघून पेट्रोलच्या काट्याकडे जाते. तिची नेमणूक का करावी लागली ते समजावयास कठीण नाही: गाडी उभी असता बॅटरीचा दाब बारा व्होल्टच्या आसपास असतो, इंजिन वेगात फिरू लागले म्हणजे तो चौदापर्यंत चढतो, रात्री दिवे लावले की पुन्हा उतरतो; आणि काट्याला जर हीच वीज थेट दिली, तर टाकीतले पेट्रोल तेवढेच असूनही काटा इंजिनाच्या मर्जीप्रमाणे वर-खाली होत राहील. म्हणून काट्याला मिळणारा दाब सदैव दहा व्होल्ट राखावा, एवढेच या डबीचे काम. पण ते काम ती कोणत्या रीतीने पार पाडते हे पाहिले म्हणजे प्रथम हसू येते आणि नंतर, जरा वेळाने, आदर वाटू लागतो.

डबीच्या आत भिन्न गुणांच्या दोन धातूंची एकत्र जोडलेली एक पट्टी असते, आणि तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. वीज आली की वेटोळे तापते. वेटोळे तापले की पट्टी तापते. आणि दोन्ही धातू उष्णतेने सारख्याच प्रमाणात वाढत नसल्यामुळे पट्टी वाकते. ती वाकली की तिच्या टोकाचा संपर्कबिंदू सुटतो, प्रवाह खंडित होतो, पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा संपर्क जुळतो, पुन्हा प्रवाह सुरू. आणि किल्ली फिरलेली आहे तोवर हा व्यापार अखंड चालू राहतो. बॅटरीचा दाब वाढला तर पट्टी लवकर तापते आणि संपर्क लवकर सुटतो. दाब उतरला तर तो अधिक काळ जुळून राहतो. परिणामी सरासरी आपोआप तेवढीच राहते. म्हणजे ज्या दहा व्होल्टची हमी ही डबी देते, ते दहा व्होल्ट तिच्यातून बाहेर पडणाऱ्या तारेत कोणत्याही क्षणी नसतात! असतात ते कधी पुरे बारा-चौदा आणि कधी निखळ शून्य. दहा हा आकडा केवळ त्यांच्या जमाखर्चाची शिल्लक.

अशा धडधडत्या विजेवर काटा स्थिर कसा राहतो, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे, की काट्याच्या पोटातही तशीच एक द्विधातूची पट्टी आणि तसेच एक वेटोळे बसवलेले असते. टाकीतल्या तरंगत्या गोळ्यास जोडलेला रोध पेट्रोलच्या पातळीप्रमाणे कमी-अधिक होतो, त्या मानाने वेटोळ्यातून कमी-अधिक वीज वाहते, पट्टी कमी-अधिक वाकते आणि काटा सरकतो. तापणे आणि निवणे या दोन्ही क्रिया स्वभावतःच मंद. किल्ली फिरवल्यानंतर काटा आपल्या जागी पोचावयास कित्येक सेकंद घेतो, याचे कारण हेच. डबीतून येणारे धक्के या मांद्यात विरून जातात. एम. जी. बी.च्या आरंभीच्या गाड्यांत, 1964 च्या सुमारापर्यंत, जे चुंबकीय काटे होते ते याच्या उलट मोठे चपळ. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले की तेही हिंदकळत, आणि त्यांच्या हालचालींतून खरे काय ते निवडून काढण्याचे श्रम चालकावर पडत. नवा मंद काटा या बाबतीत जुन्या मामलेदार कचेरीतल्या मुरब्बी शिरस्तेदाराच्या जातीचा आहे: गावोगावच्या कंड्या कानावर येतात तशा तो साहेबांपुढे नेत नाही, त्यांची आपसांत खातरजमा होऊ देतो, आणि मग सावकाश एकच कैफियत सादर करतो, जिच्यावर हुकूम काढता येईल. प्रत्येक क्षणाचे सत्य सांगणारा साक्षीदार उपयोगी पडतोच असे नाही. काय सांगू नये हे ज्याला उमगले आहे, त्याच्या साक्षीला किंमत येते.

धातूंच्या विषम वाढीचा असा उपयोग करण्याची युक्ती मोटारीहून फार जुनी आहे. अठराव्या शतकात समुद्रावर रेखांश निश्चित करण्यासाठी अचूक घड्याळाची निकड भासू लागली, तेव्हा जॉन हॅरिसन या सुतारकाम जाणणाऱ्या स्वयंशिक्षित इंग्रज कारागिराने आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात द्विधातूची पट्टी योजली. त्या एका घड्याळापायी त्याने आयुष्याची सुमारे एकोणीस वर्षे वेचली आणि आज ते ग्रिनिचच्या वेधशाळेत पाहावयास मिळते. उन्हाळ्या-हिवाळ्याने घड्याळाच्या गतीत जी चूक शिरते तिचे परिमार्जन त्याच उष्णतेकडून करवून घ्यावयाचे, हा त्यातला हेतू. मोटारींच्या तबकड्यांवर ज्या स्मिथ्स कंपनीचे नाव झळकते, तिचाही उगम घड्याळांतच: सॅम्युएल स्मिथ याने 1851 मध्ये लंडनमध्ये घड्याळांचे दुकान थाटले, आणि 1904 मध्ये त्या पेढीने सातव्या एडवर्ड राजाच्या मोटारीसाठी वेगमापक घडवला. हॅरिसनच्या पट्टीने उष्णतेचा उपद्रव निवारला. स्मिथ्सच्या डबीने तिला चाकरीस ठेवले. उपद्रवी शक्तीला हद्दपार न करता तिची योग्य जागी नेमणूक करावी, हा घड्याळजींचा जुना मुत्सद्दीपणा या हलक्या मोलाच्या डबीत अद्याप नांदतो आहे.

पण चाकर कितीही इमानी असला तरी तो थकतो. संपर्कबिंदूंवर वर्षानुवर्षे बारीक ठिणग्या पडून ते जळतात, आणि मग काटा शून्याच्या खाली निश्चेष्ट पडतो. याहून फसवे दुखणे अर्थिंगचे. वेटोळ्याची वीज डबीच्या पत्र्यातूनच परत जाते. स्क्रूखाली गंज चढून तो मार्ग बंद झाला की वेटोळे तापत नाही, पट्टी वाकत नाही, संपर्क कायमचा जुळून राहतो, आणि काट्याला दहाच्या ऐवजी बॅटरीचा पुरा दाब मिळू लागतो. अशा वेळी काटा टाकीतल्या संपत्तीविषयी जी फुशारकी मारतो ती ऐकून मनुष्य निर्धास्तपणे आडरानात जाऊन उभा राहावा! ज्या गाड्यांत पेट्रोल आणि पाण्याची उष्णता असे दोन्ही काटे एकाच डबीवर अवलंबून असतात, तेथे दोघेही एकदम अतिशयोक्ती करू लागले तर शंका डबीवर घ्यावी. एकटाच बहकला तर टाकीकडची किंवा इंजिनाकडची चौकशी करावी. या तपासात आजकालचे अंकदर्शी मापक फारसे कामाचे नाही, ही त्यातली गंमत. त्याच्या पडद्यावर बारा, शून्य, सात, पुन्हा बारा असे आकडे नाचतात आणि निरोगी डबीही रोगट भासते. साधा बारा व्होल्टचा दिवा लावून पाहावा, तो लुकलुकला म्हणजे डबी जिवंत आहे असे समजावे.

निकामी डबीच्या जागी हल्ली जो तुकडा घालतात तो तीन पायांचा, नखाएवढा, 7810 या क्रमांकाने ओळखला जाणारा. त्यात काहीच हलत नाही, तापून वाकत नाही, ठिणगी पडत नाही. आत बारा-चौदा व्होल्ट गेले की बाहेर दहाच येतात, आणि ते प्रत्येक क्षणी दहाच असतात. जुन्या डबीच्या कडा हलक्या हाताने उचकटून, आतील पट्टी व वेटोळे काढून टाकून, त्या पोकळीत हा तुकडा डाखावा आणि कडा पूर्ववत मिटवाव्यात, म्हणजे बाहेरून डबी 1972 सालचीच दिसते. त्याच्याही काही अटी आहेत. दहा व्होल्ट देण्यासाठी त्याला सुमारे दोन व्होल्टची वरकड लागते, म्हणून मरगळलेल्या बॅटरीवर तो आपला शब्द पाळू शकत नाही. शिवाय ज्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते, तेथे तो चालत नाही. जुन्या पट्टीला मात्र धन-ऋण असा भेद ठाऊकच नव्हता, वीज कोणीकडूनही येवो, ती आपली तापत असे आणि निवत असे. हे सारे सांभाळून तुकडा बसवला, किल्ली फिरवली, की काटा पूर्वीच्याच संथ चालीने वर चढतो आणि पूर्वी जेथे थांबे तेथेच थांबतो. अखंड प्रवाह आणि तुटक प्रवाह यांतला फरक त्याच्या गावीही नसतो.

जुन्या कवचात नवे अंतरंग दडवणे ही लबाडी आहे काय, हा प्रश्न अशा गाड्यांच्या शौकिनांत पुष्कळ चर्चिला जातो. शुद्धतेचे अभिमानी म्हणतात की धडधडणारी पट्टी गेली तेथे गाडीचा एक अवयव मेला. सोयीचे अभिमानी म्हणतात की काटा खरे सांगतो, मग पट्टीचे सुतक कशाला? चालकापुरते पाहिले तर मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते, कारण तबकडीने त्याला दिलेले वचन पेट्रोलविषयीचे आहे, पट्टीविषयीचे नाही. पण चालकाखेरीज आणखी एक मनुष्य या व्यवहारात गुंतलेला आहे, आणि तो म्हणजे पुढेमागे याच आसनात येथे शिरणारा दुरुस्तीकार. तो जुनी डबी पाहील, दिवा लावून लुकलुकण्याची वाट पाहील, दिवा स्थिर जळताना दिसला की संपर्क चिकटला असा निष्कर्ष काढील, आणि नसलेले दुखणे शोधीत बसेल. काट्याने खरे सांगितले तरी डबीने त्याला फसवले, असा हा प्रकार.

पट्टीचा दोष अशा रीतीने निर्वेध काढून टाकता आला, याचा अर्थ प्रत्येक दोषाला तसाच निरोप देता येतो असा होत नाही, आणि त्याचा दाखला तबकड्यांच्या त्याच फळीवर, वीतभर अंतरावर सापडतो. बॅटरीकडे वीज परतत नसेल तर पेटणारा तांबडा दिवा तेथे असतो. त्याच्यातला बल्ब 2.2 वॅटचा, हाताला चटका देणारा, प्रकाशाहून उष्णता अधिक उत्पन्न करणारा, म्हणजे आधुनिक दृष्टीने शुद्ध उधळपट्टी. त्याच्या जागी एलईडी घालण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु या गाडीतल्या आल्टरनेटरला वीज निर्माण करण्यासाठी आधी थोडी वीज लागते. त्याच्या फिरत्या वेटोळ्यात पहिले चुंबकत्व उपजावे म्हणून जो किंचित प्रवाह द्यावा लागतो, तो तपकिरी-पिवळ्या तारेने याच दिव्यातून जातो. बल्ब सुमारे 0.18 अँपिअर खातो, आणि त्याच्या या खाण्यावरच आल्टरनेटर जागा होतो. आल्टरनेटर जागा झाला की दोन्ही बाजूंचा दाब समान होऊन बल्ब विझतो. काटकसरी एलईडीतून जाणारा प्रवाह इतका अल्प असतो, की इंजिन चालू होऊनही आल्टरनेटर झोपलेलाच राहावा, किंवा इंजिन जोरात ओरडल्यावाचून त्याने डोळे उघडू नयेत. त्याआधीच्या डायनॅमोच्या गाड्यांत हाच दिवा निव्वळ साक्षीदार होता; आल्टरनेटर आल्यावर तो कारभारात सामील झाला, आणि हा बदल तबकडीकडे पाहून कोणालाही कळण्याजोगा नव्हता.

दिशादर्शक दिव्यांचा फ्लॅशरही याच पंथातला. तोही उष्णतेवर चालतो, आणि त्याची लय बल्बांच्या भुकेवर ठरते. एखादा बल्ब गेला की लय बिघडते आणि आत बसलेल्या मनुष्याला बाहेरच्या दिव्याची खबर मिळते. मितव्ययी दिवे लावून ही भूक मारली की लयही गेली, आणि लयीबरोबर खबरही गेली. नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवून लय परत आणता येते. खबर परत येईलच असे नाही.

तेव्हा फळीमागे पडल्यापडल्या मला जे सुचले ते असे, की दोषांमध्येही दोन वर्ग आहेत. पट्टीचे धडधडणे हा दोष होता, पण त्याच्यावर कोणाचे पोट अवलंबून नव्हते. काट्याच्या मंदपणाने तो पोटात घातला होता एवढेच, म्हणून तो गेला तरी कोणाचे काही अडले नाही. बल्बची उधळपट्टी हाही दोषच, पण त्या उधळपट्टीवर दुसरा एक जण जगत होता, आणि योजकांनी ही गोष्ट हेरून तिला रीतसर कामावर नेमले होते. दोन्ही दोष वरून सारखेच टाकाऊ दिसतात. त्यांतला कोणता बरखास्त करावा आणि कोणता राखावा, याचा निवाडा भाग हातात घेऊन होत नाही. त्याच्यातून निघालेली तार जेथवर जाते तेथवर तिचा माग काढावा लागतो. सुधारणेचा उत्साह असणारी माणसे, आणि ती मोटारींपुरतीच आढळतात असे नाही, हा माग काढण्यापूर्वीच पक्कड उचलतात. तर जुन्याचे भक्त माग काढून झाल्यावरही निरुपयोगी पट्टी उराशी धरून बसतात. पहिल्यांना वस्तूच्या संबंधांची पर्वा नसते, दुसऱ्यांना तिच्या कार्याची.

मी शेवटी डबीत तीन पायांचा तुकडा बसवला, आणि तांबड्या दिव्यात एलईडी घालून त्याच्या समांतर 68 ओहमचा, पाच वॅटचा रोध जोडला, जेणेकरून बल्ब जेवढी वीज खात असे तेवढीच तो खात राहील. त्या रोधाला प्रकाश देता येत नाही, तापण्यावाचून दुसरी विद्या अवगत नाही, आणि नेमके तेवढ्याचसाठी तो तेथे आहे. बॅटरी पुन्हा जोडल्यावर गाडीच्या कागदपत्रांत एक टिपण लावून ठेवले. त्यात लिहिले आहे की डबीतली पट्टी काढलेली आहे, दिवा लुकलुकणार नाही, तो दोष समजू नये. आणि तांबड्या दिव्यामागचा रोध विनाकारण तापतो असे वाटल्यास तो काढण्यापूर्वी तपकिरी-पिवळी तार कोठे जाते ते पाहून घ्यावे.